मेंढरांच्या वाटेनं सायकल: इटलीतल्या आब्रुत्सोच्या खिंडी आणि दगडी गावं

सुल्मोना या शहरातून निघून सुल्मोनालाच परत. पाच दिवस, अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर, आणि रोज हजार मीटरच्या आसपास चढ. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी मामेबहीण असं दोघींनी हे वर्तुळ पूर्ण केलं. सायकलवर युरोप म्हटलं की आल्प्सचीच नावं निघतात. पण रोमपासून पूर्वेला रेल्वेनं तीनेक तासांवर असलेला हा डोंगरी मुलूख मला जास्त जवळचा वाटला. आम्ही फलटणच्या. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे धनगर बघत मोठ्या झालो. आब्रुत्सोची गावं बांधली गेली ती याच धंद्यावर. उन्हाळ्यात मेंढरं वरच्या कुरणांवर, थंडीत खाली, दक्षिणेकडच्या पुलिया प्रांताच्या मैदानात. आब्रुत्सोतलं लाक्विला ते पुलियातलं फोज्जा हा त्यांचा मोठा मार्ग २४४ किलोमीटरचा होता. हे माहीत असलं की खिंड का तिथंच आहे आणि गाव का डोंगराच्या टोकाला, हे आपोआप उलगडत जातं.

रोमच्या तिबुर्तिना स्टेशनवरून सुल्मोनाला जाणारी प्रादेशिक गाडी धरा. सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं, ते स्वस्त असतं, पण डब्यात जागा मोजक्याच असतात. सकाळची पहिली गाडी बरी. निघायच्या आदल्या दिवशी एक गोष्ट नक्की तपासा: मार्गावर काम चालू असेल तर गाडीऐवजी बस सोडतात, आणि बसमध्ये सायकल सहसा घेत नाहीत.

सुल्मोनात एक रात्र राहाच. चौकाच्या कडेनं १२५६ साली बांधलेल्या जलवाहिनीच्या कमानी अजून उभ्या आहेत, आणि बाजाराच्या दिवशी त्यांच्या खाली कांदे-बटाट्यांचे ढीग लागतात. साखरेत घोळवलेले बदाम ही इथली खासियत. हँडलच्या पिशवीत पावशेर टाकून ठेवा. चढावर अंगातलं बळ संपलं की दोन बदामांनी पाय पुन्हा चालू लागतात.

पहिल्या दिवशी स्कान्नो. अंतर तीसच किलोमीटर, पण आन्व्हेर्सा गावानंतर रस्ता साजित्तारिओ नदीच्या घळीत शिरतो. दोन्ही बाजूंनी कडे इतके जवळ येतात की आपल्या चेनचा आवाज परत ऐकू येतो. रस्ता अरुंद आणि वळणं आंधळी आहेत, म्हणून दिवसाही मागचा दिवा चालू ठेवा. बोगद्यात दिवा आणि चकाकणारं जॅकेट दोन्ही इटलीत कायद्यानंच बंधनकारक आहे. दुसऱ्या दिवशी सामान स्कान्नोतच ठेवून सोळाशे मीटरवरच्या पास्सो गोदीला जाऊन आलो. चढ सौम्य, बीच नावाच्या झाडांच्या रानातून. मोकळ्या सायकलनं पाय तपासायला याहून चांगली खिंड नाही. दुपारी उतरून सुल्मोनाला मुक्काम केला.

तिसरा दिवस खरा कस लावतो. पोपोलीपर्यंत सपाट, मग गावामागून नागमोडी वळणांचा घाट सुरू होतो आणि एका दमात पाचशे मीटर वर नेतो. सावली जवळजवळ नाही. आठच्या आत पायथा गाठा. वर नाव्हेल्लीचं पठार लागतं, हे केशराचं. जूनमध्ये शेतात काहीच दिसत नाही. फुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात आणि उमलायच्या आत, पहाटे खुडतात. एका ग्रॅमसाठी दीडशेच्या वर फुलं लागतात. हे कळल्यावर दुकानातली ती इवलीशी कुपी महाग वाटत नाही.

कालाशोला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आमची चूक इथं झाली. एकपासून चार-साडेचारपर्यंत या गावांत दुकानं बंद असतात, काही ठिकाणी शिवाय आठवड्यातला एक दिवसही बंद. आमच्याकडचं खाणं घाटातच संपलं होतं. बहिणीचे हात थरथरायला लागले तेव्हा मी घाबरले. कारंज्याच्या कट्ट्यावर तिला बसवलं, उरलेले बदाम दिले, डोक्यावर ओला रुमाल ठेवला. समोरच्या घरातल्या आजींनी खिडकीतून पाहिलं आणि काही न विचारता पाव, चीज आणि दोन टोमॅटो आणून ठेवले. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून दुपारच्या जेवणाची खरेदी बाराच्या आत, हा आमचा नियम झाला. तुम्हीही तो पहिल्या दिवसापासून पाळा.

रोक्का कालाशोचा किल्ला १४६० मीटरवर आहे. शेवटचा चढ सायकल ढकलतच जावं असा, आणि तसं जाण्यात काही कमीपणा नाही. पांढऱ्या चुनखडीचा, मधे चौकोनी मनोरा आणि चार कोपऱ्यांत चार गोल बुरूज. सह्याद्रीतल्या किल्ल्यांपेक्षा आकारानं लहान, पण पहारा कशावर हे उभं राहिल्यावर कळतं. खालचं सगळं मैदान, म्हणजे मेंढरांची अख्खी वाट, एका नजरेत येते.

मुक्काम सांतो स्तेफानो दी सेस्सानिओला. १५७९ पासून हे गाव फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याकडे होतं, कशासाठी तर लोकरीसाठी. वेशीवरच्या कमानीत त्यांचं चिन्ह आजही आहे. पुढे लोकरीचा धंदा बसला, माणसं परदेशी गेली, घरं ओस पडली. ६ एप्रिल २००९ च्या लाक्विलाच्या भूकंपात गावाचा गोल मनोरा कोसळला. तो आता पुन्हा उभा आहे. रिकाम्या घरांच्याच खोल्या करून पाहुण्यांना देतात: तुमची खोली एका गल्लीत, जेवण दुसऱ्या. जाड दगडी भिंती, लहान खिडकी, लोकरीचं जड पांघरूण. मी ते पांघरूण हातात घेतलं आणि आजीच्या घोंगडीचा वास आठवला.

रात्री मसूर. हो, आपलाच मसूर, पण दाणा बारीक, गडद तपकिरी, हजार मीटरच्या वर पिकणारा. भिजवावा लागत नाही. लसूण, तमालपत्र, ऑलिव्हचं तेल, बाजूला भाजलेला पाव. कराड-इस्लामपूरकडे अख्खा मसूर खाल्लेल्या माणसाला इथं परकं वाटणार नाही. शाकाहारी मंडळींनी निर्धास्त यावं: मसूर, हरभऱ्याचा पास्ता, मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज. मांसाहार करत असाल तर आर्रोस्तीचीनी, म्हणजे मेंढीच्या मटणाचे बारीक तुकडे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले. पठारावरच्या खानावळीत कच्च्या काड्या विकत घ्यायच्या आणि बाहेरच्या शेगडीवर आपण भाजायच्या.

चौथा दिवस कांपो इंपेरातोरे या पठाराचा, आणि या सगळ्या खटाटोपाचं कारण तोच. सांतो स्तेफानोहून चढून सोळाशेच्या आसपास रस्ता माथा ओलांडतो आणि समोर पठार उघडतं. गवत, रस्त्याची एक रेघ, आणि उजवीकडे २९१२ मीटरचं कोर्नो ग्रांदे शिखर. झाड नाही, आडोसा नाही. वारा समोरून असेल तर सपाटीवरही ताशी दहाचाच वेग मिळतो. रस्त्याच्या शेवटी २१३० मीटरवर ते हॉटेल आहे जिथं १९४३ मध्ये मुसोलिनीला कैदेत ठेवलं होतं. १९९९ च्या जिरो द'इतालिया या सायकल शर्यतीत इटलीच्या पांतानीनं याच चढावर टप्पा जिंकला होता. आम्हाला तो चढ पुरा करायला दुपार झाली. वर उनातही विंडचीटर अंगावर चढवावं लागलं.

परत उतरताना घंटा ऐकू आल्या आणि त्याआधी कुत्री दिसली. पाच पांढरी, वासराएवढी, गळ्यात काटेरी लोखंडी पट्टे. इथं लांडगे आहेत, पट्टे त्यांच्यासाठी. दोन कुत्री रस्त्यावर येऊन उभी राहिली. बहीण म्हणाली, "उतर. धनगरांच्या वाड्यावरच्या कुत्र्यासारखंच." आम्ही उतरलो, सायकल कुत्री आणि आमच्यामध्ये धरली, नजर खाली, आणि हळू आवाजात मराठीतच बोलत चालत राहिलो. कुत्री भुंकत, पण चार हात अंतर ठेवून, कळपाच्या टोकापर्यंत सोबत आली आणि मग आपोआप मागे फिरली. मेंढपाळानं लांबून हात केला. तो उत्तर मॅसिडोनियाचा निघाला. इथं आता बरेच मेंढपाळ तिकडून येतात. मोबाईलवर त्याला आमच्याकडच्या धनगरांच्या तळाचा फोटो दाखवला. त्यानं बोटानं मोठा करून मेंढ्या मोजल्या, मग विचारलं, लांडगा? मी मान हलवली, आहे म्हणून.

लक्षात ठेवा: पळू नका, जोरात पॅडल मारून निसटायचा प्रयत्न करू नका, दगड उचलू नका, आणि कळप व कुत्री यांच्या मधून कधीही जाऊ नका. कळप रस्त्यावर असेल तर थांबा, पंधरा मिनिटं गेली तरी.

पठारावर पाणी जवळजवळ नाही, तीन लिटर तरी घेऊन निघा. गावातल्या कारंज्यांवर "नोन पोताबिले" (पिण्याजोगं नाही) लिहिलं नसेल तर पाणी भरायला हरकत नाही. दुपारनंतर ढग जमून वीज कोसळते, म्हणून दोनच्या आत माथ्यावरून खाली. मे मध्यापासून जून अखेर आणि सप्टेंबर हे दिवस चांगले. थंडीत वरचा रस्ता बर्फानं बंद असतो.

कापो ला सेर्राची खिंड ओलांडून कास्तेल देल मोंतेला मुक्काम केला. घरांखालून जाणाऱ्या छपराच्या गल्ल्या बघायला संध्याकाळ ठेवा. शेवटच्या दिवशी ओफेनाकडे जो उतार आहे तो आठशे मीटर खाली सोडतो. पोपोलीत पोचलो तेव्हा माझ्या मागच्या ब्रेकचं रबर धातूपर्यंत झिजलं होतं. सुटे ब्रेक पॅड सोबत होते म्हणून निभावलं. दोन जोड्या न्या. पुढे ३० आणि मागे ३४ दात हा गिअर सामानासह मला पुरला, त्याहून जड नको. टायर ३५ मिलिमीटरचे. तंबू नेऊ नका, रोज गाव लागतं, आणि रात्र गावातच काढायला हवी: दिवसा आलेल्या गाड्या सहानंतर निघून जातात आणि उरतात ती तिथं राहणारी माणसं.