कोणतं ॲप घेऊ?

गाणी ऐकायला कोणतं ॲप घ्यावं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर तुमच्याआधी आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी विचारलं, अंबाझरीला सकाळी फिरायला भेटणाऱ्या दोघींनी विचारलं, आणि मागच्या महिन्यात एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनीही विचारलं, "गाण्याचं कोणतं ॲप घेऊ जी? सारेच सारखे दिसून राहिले." माझ्या बाबांचं सीताबर्डीत कॅसेटचं दुकान होतं आणि कॉलेजनंतरची सहा वर्षं मी तिथे गल्ल्यावर बसले, म्हणून लोकांना वाटतं हिला माहीत असेल. ॲपमधलं मला फार कळतं असं नाही. गाणं शोधत आलेल्या माणसाला नेमकं काय हवं असतं, ते मात्र त्या दुकानात कळलं.

तेव्हा तयार कॅसेट तर मिळायच्याच, पण बरेच लोक हातात कागद घेऊन यायचे. वहीच्या मधल्या पानावर निळ्या शाईने लिहिलेली वीस-पंचवीस गाणी. ती आम्ही कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. कोरी कॅसेट साठची असायची किंवा नव्वदची. साठची म्हणजे प्रत्येक बाजूला तीस मिनिटं. बाबा कागद समोर ठेवून मिनिटांची बेरीज करत आणि अर्धं गाणं कापलं जाणार असेल तर ते सरळ दुसऱ्या बाजूला टाकत. कुठल्या कंपनीची कॅसेट, हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायचा. आधी यादी.

तुम्हालाही मी तेच सांगेन. ॲप निवडण्याआधी वीस गाणी कागदावर लिहा. सध्या तोंडात असलेली सात-आठ चालतील, ती सगळीकडे मिळतात. उरलेली अवघड हवीत. आई म्हणायची ते भजन, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं समूहगीत, एखादं नाट्यपद, एखादी गझल, गावाकडचं एखादं. पुढे गायकाचं नाव लिहा. मग दोन-तीन ॲप फोनवर घ्या आणि एका संध्याकाळी बसून एकेक गाणं शोधा. स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक आणि जिओसावन जाहिरातींसह फुकट ऐकता येतात. ॲपल म्युझिकची फुकट योजना नाही, पण चाचणीचा काळ मिळतो. ज्याच्याकडे वीसपैकी जास्त सापडतील ते तुमचं. शेजाऱ्याचं वेगळं निघेल, आणि तसंच व्हायला हवं.

शोधताना मात्र डोळे उघडे ठेवा. नाव सापडलं म्हणजे गाणं सापडलं असं नसतं. आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. पुरुषोत्तम दारव्हेकर इथले, आणि वसंतराव देशपांडे लहानपणी इथेच शंकरराव सप्र्यांकडे शिकले. 'कट्यार काळजात घुसली' हे दारव्हेकरांचं नाटक 1967 साली रंगमंचावर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेबांची भूमिका वसंतरावांची. 2015 मध्ये त्यावर चित्रपट निघाला. आता ॲपमध्ये नुसतं 'कट्यार' टाकलंत तर बहुतेक वेळा आधी चित्रपटाचीच गाणी येतात. चित्रपटाची हवी असतील तर उत्तमच. पण ज्याच्या कानात वसंतरावांची ती जागा बसली आहे, त्याचं समाधान दुसऱ्या आवाजाने होत नाही. म्हणून गायकाच्या नावासह शोधा, देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये दोन-तीन स्पेलिंगांनी. 'देशपांडे' रोमनमध्ये कोण कसं लिहील याचा नेम नाही. जुन्या मराठी अल्बमवर गायकाच्या जागी संगीतकार छापलेला सापडतो, रागाचं नाव गाण्याचं नाव म्हणून येतं, आणि एकच ध्वनिमुद्रण चार वेगवेगळ्या संग्रहांत चार वेगवेगळ्या आवाजाच्या पातळ्यांवर निघतं. मला हे मनाला लागतं. ज्या माणसाने आयुष्य घालून ती चाल बांधली, त्याचं नाव तरी नीट लिहायला हवं.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी थोडं अधिक सांगते, कारण त्यांचीच सगळ्यात जास्त अडचण होते. ही ॲप तीन-चार मिनिटांच्या गाण्यांसाठी बनलेली आहेत. ख्यालाच्या अल्बममध्ये विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, एका ट्रॅकवर आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतला, दुसऱ्या ट्रॅकवर असं बऱ्याचदा असतं. शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावण्याची सोय, चालू राहिलं तर आधी द्रुत वाजतं, मग तिसऱ्याच रागातला तराणा आणि विलंबित अर्ध्या तासाने. तेव्हा शफल बंद आहे ना, हे आधी पाहा. सेटिंग्जमध्ये एक गाणं दुसऱ्यात मिसळण्याची सोय असते, तीही बंद करा, नाहीतर समेवर आलेला गायक पुढच्या ट्रॅकच्या तंबोऱ्यात बुडतो. आणि जाहिराती असलेली योजना ख्याल ऐकणाऱ्याने घेऊच नये. विलंबित संपून द्रुत सुरू होण्याच्या त्या क्षणी मध्येच जाहिरात आली की मी फोन उपडा ठेवून देते, परत लावायची इच्छाच राहत नाही. पैसे भरायचे नसतील तर आकाशवाणीचं ॲप घ्या. 26 जानेवारी 2016 पासून त्यांची 'रागम' ही शास्त्रीय संगीताची वाहिनी चोवीस तास चालते. तिथे निवड तुमची नसते, पण कधी कधी तेच बरं वाटतं. काय लावू, काय लावू करत अर्धा तास निघून जात नाही.

आवाजाच्या दर्जाबद्दल फार विचारलं जातं, त्याचं उत्तर छोटं आहे. एप्रिल-मे महिन्यात नागपुरात घराघरात कूलर चालतो. त्या घरघरीत 24 बिट आणि 192 किलोहर्ट्‌झची भारी फाइल आणि साधी 320 केबीपीएसची (केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो याचं माप) फाइल यांत तुम्हाला काही फरक कळणार नाही. मलाही कळत नाही. शिवाय बहुतेक जण ब्लूटूथवर ऐकतात, आणि ब्लूटूथ आवाजाचा डेटा पुन्हा लहान करूनच पाठवतो. 320 केबीपीएसने तासाला साधारण 144 एमबी डेटा जातो, 96 ने 43 एमबी. मोबाइलच्या डेटावर ऐकत असाल तर हा हिशोब दर्जापेक्षा जास्त कामाचा आहे. चांगला ॲम्प्लिफायर, तारेचे स्पीकर आणि पावसाळ्यातली शांत रात्र, असं तिन्ही असेल तर मात्र लॉसलेस, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातलं काही न गाळलेला आवाज, जरूर घ्या. ॲपल म्युझिकने 2021 मध्ये ते जास्तीचे पैसे न घेता सुरू केलं.

चिखलदऱ्याला किंवा गडचिरोलीकडे जाणाऱ्यांनी गाणी आधीच डाउनलोड करून न्यावीत. मेळघाटात रेंज जाते आणि मग यादी नुसती दिसते. डाउनलोड केलेली गाणीही कायमची नसतात. स्पॉटिफायवर 30 दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर ती वाजत नाहीत.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. आपल्या विदर्भाचं बरंचसं गाणं या पैसे भरायच्या ॲपवर येतच नाही. झाडीपट्टीची नाटकं घ्या. दिवाळीनंतर वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात रात्र रात्र नाटकं चालतात आणि त्यातली गाणी लोकांना तोंडपाठ असतात. ती सापडली तर यूट्यूबवर, कुणी मंडपातून फोनने घेतलेली, मागे मुलांचा आवाज, मध्ये शिट्टी. खंजिरीवरची तुकडोजी महाराजांची भजनं गावोगावच्या मंडळांनी गायलेली आहेत, तीही तिथेच. भीमगीतांचंही तसंच. वामनदादा कर्डकांनी हजारो गीतं लिहिली, कितीतरी शाहिरांनी, गायकांनी ती गायली. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लोक पुस्तकं घेतात तशी गाणीही घेतात. आधी कॅसेट होती, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. आमच्या दुकानात त्या चार दिवसांत जेवढी भीमगीतं जायची तेवढ्या सिनेमाच्या कॅसेट महिन्याभरात जात नसत. बाबा आधीच माल भरून ठेवत आणि कुणी पैसे कमी आहेत म्हणालं तर "पुढच्या वर्षी द्या" म्हणत. बहुतेक लोक पुढच्या वर्षी खरंच द्यायचे.

तुमच्या यादीत असं गाणं जास्त असेल तर तुमचं उत्तर यूट्यूबच आहे. त्याचं प्रीमियम घेतलंत तर यूट्यूब म्युझिक त्यातच येतं आणि जाहिराती जातात. दुसरं कुठलं ॲप कितीही देखणं असो, तुमचं गाणं तिथे नसेल तर त्याचा उपयोग काय? आणि अशा गायकांना पैसे पोचावेत असं वाटत असेल तर फक्त ॲपवर विसंबू नका. तुमची वर्गणी थेट तुमच्या गायकाला जात नाही. बहुतेक कंपन्या जमलेला सगळा पैसा एकत्र करून ऐकण्याच्या प्रमाणात वाटतात. स्पॉटिफायवर तर 2024 पासून वर्षभरात 1,000 वेळा वाजल्याशिवाय गाण्याचे पैसेच धरत नाहीत. गडचिरोलीच्या एखाद्या कलाकारासाठी हा आकडा मोठा आहे. त्याच्या नाटकाचं तिकीट काढा, ते पैसे तरी त्याच्या मंडळाकडे जातात.

पैशांचं एवढंच सांगते की वर्षाची वर्गणी लगेच भरू नका. यादी तपासून झाली तरी दोन-तीन महिने महिन्याच्या हिशोबाने चालवा. माझ्या भाच्याने एका ॲपची चाचणी घेतली, बंद करायचं विसरला आणि वर्षाचे पैसे कापले गेले. बँकेचा मेसेज आदल्या दिवशी आला होता, त्याने वाचलाच नाही. ऑटोपेचे पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, तेवढा मेसेज वाचत जा. आणि मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला अशी घरं आता आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांना फॅमिली योजनेत घ्यायचं मनात असेल तर आधी अटी वाचा. काही योजनांत सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवे असतात.

कागदावरची यादी मात्र कधीही फेकू नका. ॲपवरची गाणी भाड्याच्या घरासारखी असतात, मालक आणि कंपनी यांचं बिनसलं की निघून जातात. 2019 मध्ये सारेगामा या कंपनीची गाणी स्पॉटिफायवरून गेली ती 2020 मध्ये परत आली. ज्यांना जुनं हिंदी-मराठी ऐकायचं होतं, त्यांचं तेवढे महिने काय झालं असेल याचा विचार करा. 2024 मध्ये रेसो आणि विंक ही दोन ॲप भारतात बंदच झाली. वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या ॲपच्याच भरवशावर असल्या की त्याही अशा वेळी जायची भीती असते. वहीत असतील तर दुसरीकडे पुन्हा जमवता येतात.

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांची यादी आम्ही दोन रविवार बसून तपासली. एका ॲपवर वीसपैकी चौदा निघाली, दुसऱ्यावर सतरा. त्यांनी दुसरं घेतलं, महिन्याच्या बोलीवर. उरलेल्या तिन्हींपैकी दोन यूट्यूबवर मिळाली. विसावं कुठेच नाही. गोंदियाकडच्या एका भजनी मंडळाने खंजिरीवर गायलेलं भजन आहे, काकांच्या वडिलांकडे त्याची कॅसेट होती. काका म्हणतात त्यात शेवटच्या कडव्याला गाणारा थांबतो आणि नुसती खंजिरी वाजत राहते. तुमच्याकडे तिकडच्या मंडळांच्या जुन्या कॅसेट असतील तर मला सांगा. बाबांचा डेक अजून चालू आहे, मी घरी ऐकून बघते.