गातुन लॉकमधल्या फोटोची तारीख शोधताना

पनामा सिटीच्या जुन्या भागात, कास्को व्हिएहोत, जुने नकाशे आणि कागद विकणाऱ्या एका दुकानात मला तो फोटो मिळाला. कडा पिवळ्या, मागची बाजू कोरी. पनामा कालव्याच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोटीला वर-खाली नेणाऱ्या दरवाजेबंद हौदात, युद्धनौका. "दुसरं महायुद्ध," दुकानदार म्हणाला. मी तसंच लिहून फ्रेम करून घेतली.

जागा ओळखायला वेळ लागला नाही. थर्ड मेट, म्हणजे बोटीवरचा कनिष्ठ अधिकारी, असताना मी याच लॉकमध्ये बोटीच्या पुढच्या टोकाला वायरींवर नजर ठेवून उभा राहिलोय. फोटोत मोठी युद्धनौका वरच्या चेंबरमध्ये, मागे एक पायरी खाली तीन डिस्ट्रॉयर शेजारी शेजारी, आणि त्यांच्याही खाली तिसरं चेंबर. पेद्रो मिगेलला एकच पायरी, मिराफ्लोरेसला दोन. जुन्या लॉकमध्ये तीन फक्त गातुनला, तिथेच बोट ८५ फूट चढून गातुन तळ्यात जाते. दोन पायऱ्यांमधल्या चढावर एक म्यूल, म्हणजे बोटीला वायरने मधोमध धरून ठेवणारं विजेचं इंजिन, तिरकं उभं आहे. त्याची वायर ताणलेली दिसते. ती वायर बघून आजही माझे हात आवळतात.

तारखेनं मात्र चांगलंच दमवलं. एका रविवारी भिंग घेऊन बसलो आणि नजर मास्टवर, म्हणजे नौकेच्या डोलकाठीवर, अडली. मास्ट भरीव नव्हता. बांबूची कणगी विणावी तशा पोलादी नळ्या एकमेकींना छेदत वर गेलेल्या, खाली रुंद, वर निमुळत्या. असे जाळीचे मास्ट ही अमेरिकी युद्धनौकांची जुनी खूण. दुसऱ्या महायुद्धाचं लेबल तिथेच डळमळलं.

मग बाकीचं जुळवत गेलो. एकच धुराडं, एकेका टरेटात, म्हणजे तोफांच्या फिरत्या बुरुजात, तीन तोफा, आणि नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, जुन्या शिडाच्या जहाजासारखी पुढे झेपावलेली. कॅलिफोर्निया आणि टेनेसी या युद्धनौका बाद, त्यांना दोन धुराडी. पेन्सिल्वेनियाची नाळ अशी नाही. उरल्या एकाच आराखड्याच्या तीन बहिणी: न्यू मेक्सिको, मिसिसिपी, आयडाहो. न्यू मेक्सिकोची रुंदी ९७ फुटांच्या वर, लॉक ११० फुटांचं, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम १२ फूट मोकळे. फोटोत भिंत आणि नौकेची बाजू यांच्यात पाण्याची एक काळी फीतच दिसते. बोट कालव्यातून नेणाऱ्या पायलटच्या जिवाचं काय होत असेल, ते ब्रिजवर उभा राहिलेला माणूसच जाणे.

अमेरिकेचा पॅसिफिक फ्लीट न्यू मेक्सिकोला फ्लॅगशिप, म्हणजे सेनापतीची नौका, करून जुलै १९१९ मध्ये या कालव्यातून गेला. १९३१ पासून तिन्ही बहिणी नव्याने बांधायला घेतल्या आणि जाळीचे मास्ट गेले. तीन बहिणींतली नेमकी कोणती, हे या एका फोटोवरून मी छातीठोकपणे सांगणार नाही.

फ्रेम उघडली, जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लिहिली: "गातुन लॉक, १९१९ ते १९३१. न्यू मेक्सिको वर्गातली युद्धनौका, मागे तीन डिस्ट्रॉयर."