ग्वाल्हेरच्या बंदिशीवर संशोधन: वही, तबकडी आणि तंबोरा

एखाद्या बंदिशीवर शोधनिबंध लिहायचा म्हटलं की साहित्याचा अभ्यासक शब्दांपाशी थांबतो, संगीताचा स्वरलिपीपाशी आणि भौतिकशास्त्राचा आलेखापाशी. तिघांची कामं आपापल्या जागी चोख असली तरी निष्कर्ष फसतो, कारण शेजारच्या विषयातली चूक किती मोठी असू शकते हे कुणालाच ठाऊक नसतं. ग्वाल्हेरात तर हे हमखास होतं. इथे एकाच बंदिशीचे लिखित, छापील आणि ध्वनिमुद्रित असे तिन्ही पुरावे हाती लागतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत.

आधी वही. लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातल्या जुन्या मराठी घरांत गाण्याच्या वह्या असतात. त्यातली एखादी मोडीत असेल, तर एक गोष्ट कागदावर ठळक लिहून ठेवा: मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. त्यामुळे त्या वहीतली 'इ' ऱ्हस्व की दीर्घ यावर छंदाचं किंवा व्रजभाषेच्या रूपाचं अनुमान उभं करता येत नाही. बाळबोधीतल्या वहीत अडचण वेगळी. लिहिणाऱ्याचा कान मराठी आणि बंदिश व्रजातली, त्यामुळे अपरिचित शब्द ओळखीच्या शब्दाकडे सरकतो. पाठभेद नोंदवताना 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' असे रकाने करू नका. मूळ अक्षरं जशीच्या तशी उतरवा, शेजारी ती कितव्या मात्रेवर येतात ते लिहा. गाताना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारं अक्षर सहसा टिकून राहतं. बदल होतात ते भरणीच्या शब्दांत, 'रे', 'री', 'अब', 'मोरे' अशा ठिकाणी. मात्रा नोंदवली नसेल तर हा फरक दिसतच नाही.

मुद्रेबद्दल, म्हणजे बंदिशीत गुंफलेल्या रचनाकाराच्या नावाबद्दलही, सावध राहावं. 'सदारंग' हे नाव आलं म्हणजे ती रचना महम्मदशहाच्या दरबारातल्या न्यामतखाँचीच, असं सिद्ध होत नाही. 'महम्मदशा सदारंगीले' ही ओळ पुढेही वापरली गेली. मुद्रा हा परंपरेचा पुरावा आहे, कर्तृत्वाचा नव्हे.

आता स्वरलिपी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ग्वाल्हेर घराण्याच्या बंदिशी दोन निरनिराळ्या लिप्यांत छापल्या गेल्या. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांच्या मदतीने 1918 मध्ये लष्करात माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं आणि त्यांची पद्धत इथे रुजली. दुसरीकडे विष्णु दिगंबर पलुस्कर हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, म्हणजे याच घराण्याचे. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची वेगळी लिपी चालवली. दोन्ही लिप्यांत बऱ्याच खुणा त्याच, अर्थ मात्र निराळे. स्वराच्या डोक्यावर टिंब: भातखंडे पद्धतीत तार सप्तक, पलुस्कर पद्धतीत मंद्र. 'म'च्या डोक्यावर उभी रेघ: भातखंडे पद्धतीत तीव्र मध्यम, पलुस्कर पद्धतीत तार सप्तकातला मध्यम. कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्कर हलन्तासारखी खूण. पलुस्करांकडे स्वराखालची आडवी रेघ म्हणजे एक मात्रा. शून्य हे भातखंड्यांकडे तालातली 'खाली' (टाळी नसलेली जागा), पलुस्करांकडे अर्धी मात्रा. स्वरांखालचा अर्धचंद्र भातखंड्यांकडे एका मात्रेत बांधलेले स्वर दाखवतो, पलुस्करांकडे पाव मात्रा. फुली भातखंड्यांची सम. पलुस्करांची सम '1' या आकड्याने दाखवतात.

म्हणून पुस्तक हातात आलं की पहिला स्वर वाचण्याआधी खुणांचं पान शोधा. ते फाटलेलं असेल तर समेची खूण बघा. आवर्तनाच्या आरंभी फुली असेल तर भातखंडे, '1' असेल तर पलुस्कर. फोटोप्रतीत बारीक टिंबं उडतात, तेव्हा मूळ पुस्तकावर भिंग धरूनच तपासा. संगणकावर उतरवताना एकच लिपी ठेवा आणि मूळ पानाचं छायाचित्र शेजारी जोडा. एकदा चुकून उतरलेली बंदिश पुढच्या चार प्रबंधांत तशीच जाते. हे माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नुकसान आहे, कारण पुढे कुणी मूळ पुस्तक उघडतच नाही.

तबकडीकडे वळू. जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून 'बुवा अमुक पट्टीत गात' असं लिहिण्याचा मोह टाळावा. मिनिटाला 78 फेऱ्या हा आकडा सुरुवातीच्या तबकड्यांच्या बाबतीत ढोबळ आहे. मुद्रणाच्या वेळचा वेग कमीजास्त असे. वेगात एका फेरीचा फरक म्हणजे साधारण 22 सेंटचा फरक (पेटीच्या लगतच्या दोन स्वरांत 100 सेंट), आणि साडेचार फेऱ्यांच्या आसपास चुकलं की पेटीवरच्या काळी एक ऐवजी शेजारची पांढरी दोन ऐकू येते. लय आणि आवाजाचा पोतही त्याच प्रमाणात बदलतो. म्हणजे 'जुन्या पिढीची द्रुत लय' हा निष्कर्षही कधी कधी फक्त मोटरचा असतो. मात्र वेग संपूर्ण तबकडीत सारखा राहिला असेल, तर दोन स्वरांमधलं अंतर बिघडत नाही. सा आणि ग यांतलं अंतर मोजा, सा ची पट्टी नको.

स्वर मोजायचे तर तंबोरा आधी. सी. व्ही. रामन यांनी 1921 च्या सुमाराला तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) लिहिलं, त्यातलं निरीक्षण घरी पडताळता येतं. यंगच्या नियमानुसार तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट अशा सुरांचा) स्थिरबिंदू येतो ते वाजू नयेत. मधोमध छेडली तर दुसरा, चौथा, सहावा गायब. जवारीचं सूत (तार आणि घोडी यांमधला दोरा) काढून तार मधोमध छेडा आणि मुद्रित करा. मग सूत सरकवत नेऊन जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा झणकार, खुलली की पुन्हा छेडा. पहिल्या आलेखात सम उपस्वर बरेच दबलेले, दुसऱ्यात ठसठशीत. घोडीच्या उताराला तार घासत जाते म्हणून हे घडतं. सूत केसभर हललं तरी आलेख बदलतो, तेव्हा एकदा बसवलं की मोजमाप संपेपर्यंत हात लावू नका.

काळी एकमध्ये, पुरुषी गळ्यासाठी, आकडे असे: तंबोऱ्याच्या तारांत जोड (मधला सा) 138.6 हर्ट्झ, मंद्र पंचम 104, खर्ज (खालचा सा) 69.3. खर्जाचा पाचवा उपस्वर 346.5, हाच स्वयंभू गंधार. पेटीचा गंधार त्याच सप्तकात 349.2, म्हणजे 14 सेंट चढा. पंचमाच्या तारेतून रिषभ आणि निषादही निघतात, तिसऱ्या आणि पाचव्या उपस्वरातून. म्हणूनच पेटीच्या साथीत गायलेल्या गंधारावरून श्रुतीचे (स्वराच्या सूक्ष्म जागेचे) निष्कर्ष काढू नयेत. गळा दोन गंधारांमध्ये ओढला जातो.

यंत्राची मर्यादा सोपी आहे. पाव सेकंदाचा तुकडा घेतला तर चार हर्ट्झपेक्षा जवळचे दोन सूर आलेखात वेगळे दिसत नाहीत. एक सेकंद घेतला तर एक हर्ट्झपर्यंत दिसतात. विजेची गुणगुण 50 आणि 100 हर्ट्झवर असते, आणि पंचम 104 वर. छोट्या तुकड्यात दोन्ही एकच शिखर होतात आणि पंचम उतरलेला वाटतो. पंखा, कूलर, ट्यूबलाइट बंद करूनच मुद्रण करा. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात हे जड जातं. पहाटेची वेळ धरावी. कूलरच्या दमट हवेत तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) फुगते आणि तारा चढतात, तेव्हा दर 15 मिनिटांनी तंबोरा एकटा अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवा. सा ची किंमत त्या मुद्रणातून घ्या, पट्टीच्या नावावरून नव्हे.

मुद्रण डब्ल्यूएव्हीमध्ये, 24 बिट, 48 हजार नमुने. माइक गायकापासून वीतभर, तंबोरा मागे, त्याला दुसरा माइक. तंबोरा जवळ असेल तर सूर शोधणारी आज्ञावली गळ्याऐवजी तंबोऱ्यालाच पकडते, विशेषतः गंधार-पंचमावर. प्राट या सूर मोजणाऱ्या आज्ञावलीच्या जुन्या आवृत्त्यांत खालची मर्यादा मुळात 75 हर्ट्झ होती. तीच असेल आणि गायक खर्जात जाणार असेल तर 60 करा. उच्चारातला आकार (आ, ई, ऊ) बदलताना आज्ञावली सूर दुप्पट किंवा निम्मा दाखवते, त्या उड्या हाताने काढाव्या लागतात.

मोजण्यासाठी फक्त न्यासाचे, म्हणजे गायक जिथे थांबतो ते, स्वर निवडा: किमान 0.3 सेकंद टिकलेले, 10 सेंटच्या आत स्थिर. कण (स्वराला निसटता स्पर्श) आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) बाजूला ठेवा. सरासरीऐवजी मध्यक घ्या, कारण टोकाला लागलेला एखादा कण सरासरी ओढून नेतो. निबंधात किती न्यास मोजले, मध्यक किती, पसारा किती, हे तिन्ही आकडे द्या. पसारा 15 सेंटचा असेल तर 5 सेंटच्या फरकावरून दोन श्रुती वेगळ्या आहेत असं म्हणता येत नाही.

काळ ठरवायला जुन्या वर्तमानपत्रांतल्या बैठकींच्या जाहिराती उपयोगी पडतात, पण त्या आधी छापलेल्या असतात. जाहिरात हा बैठक ठरल्याचा पुरावा. बैठक झाली याला नंतरच्या अंकातला वृत्तांत लागतो. नसेल तर तळटीपेत 'जाहीर झालेली बैठक' असंच लिहावं.