घाटात गाडी लागणारे मूल

कोल्हापूरहून रत्नागिरीला आजोळी जायचे म्हटले की आंबा घाट उतरावाच लागतो आणि मलकापूर मागे पडते न पडते तोच आमच्या लहानग्या मुलीला मळमळू लागते. गाडी लागणे हा मुलाचा हट्ट किंवा नाजूकपणा नव्हे, हे नातेवाइकांना पटवणे मला त्या उलट्यांपेक्षाही कठीण वाटते. आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय शरीर हलत असल्याचे मेंदूला कळवते, तर समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे सारे स्थिर असल्याचे सांगतात, आणि या विसंगतीतूनच मळमळ उद्भवते. २ ते १२ वर्षांच्या मुलांत हा त्रास विशेष आढळतो. म्हणून समोरचा रस्ता दिसेल अशा बेताने आम्ही तिला बसवतो, मोबाइल देत नाही आणि निघण्यापूर्वी तेलकट वड्याऐवजी थोडा मऊ भात भरवतो, कारण उपाशीपोटी नेणेही बरे नव्हे. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यावे. उलटी थांबवणारे प्रोमेथाझिन २ वर्षांखालील मुलांच्या श्वसनाला घातक ठरू शकते. वळणांवर वेग आवरणे आणि मुलीने ‘पोटात कसंतरी होतंय’ म्हणताच सुरक्षित जागा पाहून थांबणे हे चालवणाऱ्याचे काम आहे, मग पोहोचायला कितीही उशीर होवो.