टाकीच्या पातळीचं एक्स्टेन्शन: वर्कर जागा ठेवण्याचं काम कुठवर आलं

गच्चीवरच्या टाकीतला ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) वेबसॉकेटवरून, म्हणजे उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, पाण्याची पातळी पाठवतो आणि क्रोमचं एक्स्टेन्शन ती बॅजवर (एक्स्टेन्शनच्या चिन्हावरच्या छोट्या पट्टीत) दाखवतं. एवढंच काम, पण मॅनिफेस्ट व्ही३ मध्ये (क्रोम एक्स्टेन्शनच्या नव्या रचनेत) बॅकग्राउंड पेजच्या जागी सर्व्हिस वर्कर (पडद्यामागे गरजेपुरती चालणारी स्क्रिप्ट) आला आणि ३० सेकंद हालचाल नसली की क्रोम तो बंद करतं. त्यातले टायमर आणि ग्लोबल व्हेरिएबल त्याच्याबरोबरच जातात.

सॉकेटचा भाग आता पक्का आहे. क्रोम ११६ पासून सॉकेटवर संदेश आला किंवा गेला की ते ३० सेकंद नव्याने मोजले जातात, म्हणून दर २० सेकंदांनी एक छोटा पिंग (नुसता हजेरीचा संदेश) जातो.

खरी मेख सॉकेट तुटल्यावर आहे. बंद सॉकेटवर सेंड केलं तर एररही येत नाही. पिंग हवेत जातात आणि अर्ध्या मिनिटात वर्कर गुपचूप बंद पडतो. त्यामुळे क्लोज इव्हेंटवर पिंगचा टायमर काढायचा आणि वर्करला उठवायचं काम क्रोमच्या अलार्मकडे (वर्कर बंद असला तरी ठरल्या वेळी वाजणाऱ्या टायमरकडे) द्यायचं. क्रोम १२० पासून अलार्म ०.५ मिनिटाचा लावता येतो, आधी किमान १ मिनिट होतं. म्हणून मॅनिफेस्टमध्ये (एक्स्टेन्शनच्या माहितीच्या फाइलमध्ये) क्रोमची किमान आवृत्ती १२० ठेवली आहे. अलार्म वाजला की सॉकेट उघडा आहे का ते बघायचं, नसेल तर नवा जोडायचा.

अलार्मचा लिसनर (अलार्म वाजला की चालणारं फंक्शन) फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवरच हवा. स्टोरेजसाठी अवेट करून, म्हणजे त्याच्या उत्तरासाठी थांबून, मग नोंदवला, तर ज्या इव्हेंटने वर्कर उठला तोच हातातून निसटतो. ब्राउझर पुन्हा सुरू झाल्यावर अलार्म टिकेलच याची खात्री नसते, म्हणून वर्कर सुरू होताना तो आहे का ते तपासायचं आणि नसेल तरच बनवायचा. दर वेळी आंधळेपणाने बनवला तर त्याच नावाचा जुना रद्द होतो, मोजणी पहिल्यापासून सुरू होते आणि वर्कर वारंवार उठत असेल तर अलार्म वाजतच नाही.

शेवटची पातळी स्टोरेज.सेशनमध्ये जाते. ब्राउझर बंद झाल्यावर ती पुसली जाते; शिळी पातळी दाखवण्यापेक्षा ते बरंच.

वर्कर जागा ठेवण्यासाठी ऑफस्क्रीन डॉक्युमेंटमध्ये (एक्स्टेन्शनच्या न दिसणाऱ्या पानात) मूक ऑडिओ वाजवत ठेवायचा जुगाड घेतलेला नाही. ऑडिओसाठी उघडलेलं डॉक्युमेंट ३० सेकंद आवाज नसला की क्रोम स्वतःच बंद करतं.

चाचणी करताना वर्करचं डेव्हटूल्स (क्रोमची तपासणीची खिडकी) बंदच ठेवा. ते उघडं असेपर्यंत वर्कर मरत नाही आणि सगळं सुरळीत चालल्यासारखं वाटतं. एक्स्टेन्शनच्या पानावर वर्करपुढे ‘इनॅक्टिव्ह’ दिसेपर्यंत थांबा, मग पुढचा अलार्म त्याला उठवतो का ते पाहा.

फायरफॉक्स बाकी आहे. तिथे व्ही३ मध्ये सर्व्हिस वर्करऐवजी इव्हेंट पेज (गरज पडली की उघडणारं बॅकग्राउंड पेज) चालतं, त्यामुळे मॅनिफेस्टचा बॅकग्राउंड भाग वेगळा लिहावा लागेल.