डीजे काढायला या

एक्स-रे लाइटबॉक्सवर लावला, तसा शेजारी उभा असलेला आमचा ओटी टेक्निशियन म्हणाला, "सर, हा तर हारच झालाय की!"

तसंच दिसत होतं. उजव्या किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत खाली उतरलेली एक पांढरी, खरबरीत रेघ. वरच्या टोकाला बोराएवढी गाठ, खालच्या टोकाला लिंबाएवढं पदक. बाई ओपीडीत आल्या होत्या त्या 'मुतखडा पुन्हा झालाय' म्हणून. पण ती रेघ म्हणजे खडा नव्हता. ती नळी होती, डीजे स्टेंट. आणि ती टाकणारा मीच होतो.

जुनं कार्ड त्यांनी साखरेच्या रिकाम्या पिशवीत घडी करून जपून ठेवलं होतं. अडीच वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. उजव्या मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटरचा खडा, दुर्बीण घालून लेझरनं फोडला, डीजे टाकला. खाली माझ्या अक्षरात, इंग्रजीत, चार आठवड्यांनी नळी काढायला या. सही माझी, शिक्का हॉस्पिटलचा. बाईंना वाचता येत नाही, नवरा मराठी चौथी शिकलेला. केज तालुक्यातलं गाव, आणि चार आठवड्यांनी दिवाळी होऊन ऊसतोडीच्या टोळीची गाडी सांगलीकडं निघालेली.

नळीबद्दल थोडं सांगतो. लेझरनं खडा फोडला की मूत्रवाहिनीला सूज येते, चुरा अडकण्याची भीती असते. म्हणून जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, २५-२६ सेंटिमीटरची मऊ नळी आत ठेवतात. दोन्ही टोकांना इंग्रजी जे अक्षरासारखा आकडा, एक किडनीत अडकतो, एक पिशवीत. १९७८ साली रॉय फिनी या अमेरिकन सर्जननं हे दोन आकड्यांचं डिझाइन मांडलं, तेव्हापासून ते नाव, डबल जे, म्हणजेच डीजे. चांगली वस्तू आहे, पण पाहुण्यासारखी. तीन महिन्यांच्या पुढं राहिली की तिच्यावर क्षार बसायला लागतात. आधी पिठी, मग कवच, मग दगड.

"तुम्हाला सांगितलं नव्हतं का मावशी, आत नळी आहे म्हणून?" मी विचारलं. आवाज थोडा चढलाच होता.

नवरा पुढं झाला. "सांगितलं हुतं सायेब. सिस्टर म्हणल्या, महिन्यानं डीजे काढायला या. आता मला काय ठावं? मला वाटलं चेष्टा करत्यात. डीजे वरातीत असतोय."

टेक्निशियन खाली बघून हसला. मला हसू आलं नाही. वॉर्डात दिवसातून वीस वेळा आम्ही तो शब्द बोलतो. डीजे टाकला, डीजे काढला, डीजेचा पेशंट. ऐकणाऱ्याला काय ऐकू जातं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

लघवीला जळजळ दोन वर्षं होती. त्याला त्या 'उन्हाळी लागली' म्हणायच्या. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, कुळथाचं कढण, सगळं झालं. मधूनच लघवी लाल यायची. पण पहाटेपासून फडात, आडोसा कुठं नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं. एक दिवस घरी बसलं की खाडा, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तर आधीच फिटायची राहिलेली. यंदा पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, गाडी गावाला आली, ताप हटेना, तेव्हा लातूरला आल्या.

अशा केसमध्ये पहिलं पथ्य म्हणजे घाई करायची नाही. लघवीत जंतू असताना आत दुर्बीण घालून पाण्याचा दाब दिला तर तेच जंतू रक्तात जातात. माणूस टेबलवर ठीक असतो आणि संध्याकाळी आयसीयूत. म्हणून आधी लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत याची तपासणी, मग त्याप्रमाणं आठ दिवस अँटिबायोटिक. स्कॅनमध्ये दोन्ही किडन्यांच्या मिळून कामातलं ३४ टक्के काम उजवी करत होती. म्हणजे वाचवण्यासारखी होती. सरकारी आरोग्य योजनेतून मंजुरी आली आणि नवव्या दिवशी आम्ही केस घेतली.

दुसरं पथ्य, ओढायचं नाही. वरचा आकडा दगडात अडकलेला असताना खालून नळी ओढली तर तिच्याबरोबर मूत्रवाहिनीच तुटून येऊ शकते. मी तसं होताना पाहिलेलं नाही, पण शिकत असताना आमच्या सरांनी एवढं एकच वाक्य तीन वेगवेगळ्या दिवशी सांगितलं होतं.

पाठीतून भूल दिली होती, त्यामुळं मावशी जाग्या. लेझरपासून जपायला डोळ्यांवर चष्मा लावला तरी मॉनिटर त्यांना दिसत होता. पिशवीत दुर्बीण गेली आणि पडद्यावर तो दगड आला. मातकट पिवळा, ओबडधोबड, आणि त्यातून नळीचं निळं टोक जेमतेम नखाएवढं डोकावत होतं.

"हे माझ्यात हाय व्हय?"

"हो मावशी."

"एवढा मोठा?"

होल्मियम लेझरचा किरण पाण्यात अर्धा मिलिमीटरही जात नाही. ही त्याची मर्यादा नाही, हाच त्याचा गुण. फायबरचं, म्हणजे किरण नेणाऱ्या बारीक तंतूचं टोक दगडाला टेकवलं तरच तो फुटतो; शेजारच्या नाजूक अस्तरापासून जरा लांब धरलं की अस्तराला काही होत नाही. जाड फायबर घेतली, ऊर्जा एक ज्यूलच्या पुढं ठेवली आणि पेडल दाबलं. टक टक टक टक. दगडाला आधी खळगा पडतो, मग चीर जाते, मग एकदम टवका उडतो. पाणी गढूळ झालं की थांबायचं, सलाइन मोकळं सोडायचं, निवळलं की परत. लिंबाएवढ्या दगडाला पन्नास मिनिटं लागली.

मधेच मावशी म्हणाल्या, "पाचट पेटवल्यावर राख उडती तसं दिसतंय." भूलतज्ज्ञ मॅडमनी मान वर करून पडद्याकडं पाहिलं. अगदी तसंच दिसत होतं.

खालचा आकडा सुटला. नळीच्या कडेनं बारीक दुर्बीण वर सरकवली. मूत्रवाहिनीतलं कवच पातळ निघालं, जागोजागी साल सोलल्यासारखं उतरलं. खरी कसोटी वर. किडनीत वळणारी लवचीक दुर्बीण, आणि तिच्यातून २०० मायक्रॉनची, केसाच्या दोन-तीन पट जाड फायबर. इथं मोठे तुकडे पाडून चालत नाही, ते काढणार कुठून? म्हणून ऊर्जा अर्धा ज्यूल, वेग वाढवलेला, आणि दगड वरवर खरवडत त्याची पूड करायची. किडनी श्वासाबरोबर वरखाली होते, लक्ष्य हलत राहतं. बोट अवघडलं, लेड अ‍ॅप्रननं खांदे भरून आले. भुलेचा वेळ संपत आलाय, हे मॅडमनी दोनदा सांगितलं.

मग सी-आर्म, म्हणजे टेबलाजवळचं फिरतं एक्स-रे यंत्र, फिरवला, पिशवीतलं टोक चिमट्यात धरलं आणि अगदी हलका ताण दिला. पडद्यावर वरचा आकडा तसाच. परत आत गेलो, आतल्या वळणात राहिलेली एक कवडी फोडली. पुन्हा हलका ताण. आकडा आधी पसरला, मग हळूहळू सरळ झाला आणि खाली यायला लागला. ओटीत कुणी काही बोललं नाही. नळी हातात आली तेव्हा तिचा मऊपणा पार गेला होता. वाळक्या काडीसारखी ताठ, आणि ट्रेमध्ये ठेवताना मधून मोडली. हीच आत मोडली असती तर काय, हा विचार मला रात्री घरी गेल्यावर आला.

नियमाप्रमाणं एवढं खरवडल्यावर नवी नळी ठेवायची. सिस्टरनं नवीन डीजेचं पाकीट काढून हातात धरलं होतं. मी नको म्हणालो. साधी कॅथेटर मूत्रवाहिनीत ठेवली, तिचं टोक बाहेर काढून लघवीच्या नळीला बांधलं. दोन दिवसांनी दोन्ही एकदम काढल्या. काढताना मावशींनी दोन्ही नळ्या बघायला मागितल्या, मोजल्या आणि विचारलं, "आता आत काय बी न्हाई ना?" मग एक्स-रे काढून तोही नवऱ्याला खिडकीपाशी उजेडात धरून दाखवायला लावला.

त्यांच्या नवऱ्याकडं मी माफी मागितली. तो गडबडला, म्हणाला, "आवो सायेब, तुमी काय मुद्दाम केलं का?" त्यानं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आता ओपीडीत एक जाड पुठ्ठ्याची वही आहे. नळी टाकली की नाव, गाव, काढायची तारीख, आणि पेशंटच्या हातात मराठीत लिहिलेली चिठ्ठी: 'तुमच्या पोटात नळी आहे.' डीजे हा शब्द पेशंटसमोर बंद. ऊसतोडीला जाणारं माणूस असेल तर मुकादमाचा नंबरही घेतो, कारण हंगामात फोन लागला तर तोच लागतो. नळी निघाली की लाल पेनानं बरोबरची खूण.

परवा वही चाळली तर दोन नावांपुढं खूण नव्हती. एकाचा फोन बंद. दुसऱ्याच्या मुकादमानं उचलला. "टोळी बेळगावकडं हाय सायेब," तो म्हणाला, "मार्चात येतीन."

मी म्हटलं, त्याला आत्ताच्या आत्ता फोनवर दे.