नक्कल थांबते तिथून

बुधवार, रात्री उशिरा

तयारी, म्हणजे रियाझाने गळ्यावर येणारी हुकमत, वाढत गेली की चांगला गवई आपोआप थोर होतो, असं आज मैत्रीण इतक्या ठामपणे म्हणाली की घरी येईपर्यंत मी मनात तिच्याशी भांडत होते. तिला द्यायला माझ्याकडे एकच उत्तर आहे, कुमार गंधर्व.

कारण तयारीच मोजायची तर ती त्यांच्याकडे लहानपणीच होती. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यातलं गाणं जसंच्या तसं गायचा. श्वास कुठे घेतला, जागा कशी घेतली, सगळं. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला त्या वयातच मिळाली आणि १९३६ साली मुंबईतल्या संगीत परिषदेत तो गायला तेव्हा जाणकार थक्क झाले. तेवढ्यावरही जन्मभर टाळ्या मिळाल्या असत्या. पण पुढे तालीम मिळाली ती देवधर मास्तरांकडे. एकाच घराण्याचं कुंपण न मानणारा, शिष्याला विचार करायला लावणारा गुरू. मला वाटतं, नक्कल पुरेशी नाही ही बोच तिथेच लागली असणार.

मग १९४८ मध्ये माळव्यातलं देवास, आणि क्षय. काही वर्षं गाणं बंद. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं, म्हणून त्यांचं गाणं तुटक, उसळत्या छोट्या फेकींचं झालं, असं सर्रास सांगतात. आवाज लावण्याच्या पद्धतीपुरतं ते खरंही असेल. पण क्षयाने त्या काळात कितीतरी जणांची फुफ्फुसं पोखरली, त्यातून कुमारांसारखा मालवती हा नवा राग दुसऱ्या कुणाला सापडला नाही!

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी काय केलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माळव्यातल्या बायका लग्नाकार्यात, सणावारी जी गाणी म्हणतात ती कानावर पडत होती. ती गोड आहेत हे कुणालाही कळलं असतं. चांगल्या कलावंताने त्यातली दोन-चार उचलून मैफलीच्या शेवटी म्हटली असती, लोकांनाही आवडली असती. कुमारांनी ती टिपून घेतली, त्यांचं स्वरलेखन केलं आणि त्या तीन-चार स्वरांच्या धुनेत अजून कुणी न पाहिलेला राग दडलाय का, ते शोधत बसले. राग धुनेतून उगवतो, हे त्यांनी स्वतःच्या कानाने पडताळून पाहिलं. सहेली तोडी, लगनगांधार, संजारी हे धुनउगम राग तिथून आले. १९६५ च्या ‘अनूपरागविलास’ या त्यांच्या पुस्तकात हे काम बंदिशींसह समोर आहे. नाथपंथी जोग्यांच्या गाण्यातून निर्गुणी भजनांची वाटही त्यांना माळव्यातच मिळाली.

चांगल्या गवयाला ऐकणाऱ्याची अपेक्षा ठाऊक असते आणि तो ती नेमक्या समेवर पुरी करतो. हे सोपं नाही. अशा गवयांवर माझं मनापासून प्रेम आहे, माझे कान त्यांनीच घडवलेत. पण थोर माणूस आपल्याला सहज जमणारी, वाहवा मिळवणारी गोष्ट बाजूला ठेवू शकतो. तेही कंटाळून नव्हे. त्याला त्याहून खरं काहीतरी ऐकू आलेलं असतं म्हणून. कुमारांना त्याची किंमत मोजावी लागली. घराण्याची शिस्त सोडली, विलंबित ख्यालाचा ठरलेला विस्तार नाही, अशी टीका वर्षानुवर्षं झाली. ते तंबोरे जुळवत राहिले. त्या जुळवण्याबद्दलचा त्यांचा चोखंदळपणा तर सगळ्यांनाच माहीत आहे. दोन तंबोऱ्यांतून गाण्याआधीच रागाची हवा उभी राहिली पाहिजे, हा आग्रह केवळ तयारीतून येत नाही.

मैत्रिणीला उद्या कुमारांचा ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम ऐकवणार आहे. ज्या माणसाला लहानपणी कुणाचीही हुबेहूब नक्कल साधायची, त्याने मोठेपणी बालगंधर्वांची पदं घेतली आणि नक्कल जराही केली नाही. बालगंधर्वांनी स्वर तिथे का ठेवला असेल, हे ते गाता गाता उलगडत जातात. त्याआधी त्यांची लहानपणीची एखादी तबकडी लावेन. दोन्ही पाठोपाठ ऐकल्यावरही ती तयारीचंच म्हणाली, तर मग वाद पुढे नेऊ.